धान्य-पिठासाठी प्लास्टिकची बादली घेताना : फूड ग्रेड म्हणजे काय आणि ते ओळखायचे कसे

मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात आला की नाशिकच्या घराघरांत वर्षाचे धान्य भरण्याची गडबड सुरू होते. आपल्या दादी-नानीच्या काळी त्यासाठी पत्र्याची कोठी असायची. आता भाड्याच्या दोन खोल्यांत कोठी ठेवायला जागा नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी घर बदलायचे तर ती उचलून न्यायची कोणी? म्हणून झाकणाच्या प्लास्टिकच्या बादल्या आल्या. त्यातही सगळ्यात सहज हाताशी येते ती रंगाची बादली. घराला रंग दिला की दहा-वीस लिटरच्या दोन बादल्या उरतात. मजबूत, घट्ट झाकणाच्या, कडी असलेल्या. टाकून द्यायला जीव होत नाही.

आमच्याही घरी असेच झाले. अम्मींनी रंगाची बादली आधी राखेने, मग साबणाने घासली, तीन दिवस गच्चीवर उन्हात वाळवली आणि तिच्यात ज्वारीचे पीठ भरले. आठवड्याभराने भाकरी तव्यावर टाकली, वाफ निघाली, आणि त्या वाफेला डिस्टेंपरचा वास! पाच किलो पीठ फेकावे लागले. अम्मींचे म्हणणे एकच होते, "मी तर काचेसारखी धुतली होती." खरेच धुतली होती. धुण्यात काही कमी नव्हते. प्लास्टिक हे काच किंवा स्टीलसारखे नसते, हे आम्हा सगळ्यांना त्या दिवशी नाकाने कळले. रंगातली, औषधांतली, तेलातली रसायने प्लास्टिकच्या भिंतीत आत शिरून बसतात. घासून निघतो तो वरचा थर. आत मुरलेले पुढचे कित्येक महिने हळूहळू बाहेर येत राहते, आणि त्यात पीठ असेल तर पिठात उतरते.

रंगाबद्दल आणखी एक. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भाग इतके खाली आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीची जुनी बादली घरात असेल तर तिचा विचारच नको. नव्या पाण्याच्या रंगांतही बुरशी लागू नये म्हणून औषधे घातलेली असतात. म्हणजे बादली नवी असो की जुनी, रंगाची बादली ही फरशी पुसायला, बांधकामाला, फार तर कुंडी म्हणून.

फूड ग्रेड म्हणजे नेमके काय

दुकानदाराला विचारले तर तो बादलीवर टिचकी मारून म्हणतो, "एकदम फूड ग्रेड आहे, बाजी." टिचकीने काही कळत नाही. फूड ग्रेड म्हणजे चार गोष्टी एकत्र : प्लास्टिकचा दाणा नवा, म्हणजे कारखानदारांच्या भाषेत व्हर्जिन असावा, त्यात घातलेला रंग खाद्यपदार्थांसाठी मान्य असलेल्या यादीतला असावा, लवचीकपणासाठी किंवा टिकण्यासाठी घातलेली इतर द्रव्येही तशीच मान्य असावीत, आणि तयार भांड्यातून पदार्थात किती अंश उतरतो याची चाचणी झालेली असावी.

ही शेवटची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, याने २०१८ साली पॅकेजिंगचे नियम अधिसूचित केले आणि ते १ जुलै २०१९ पासून लागू झाले. त्यात प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण अंशाची मर्यादा एक किलो अन्नामागे ६० मिलिग्रॅम, किंवा भांड्याच्या एक चौरस डेसिमीटर पृष्ठभागामागे १० मिलिग्रॅम, अशी ठरवली आहे. चाचणीची पद्धत आयएस ९८४५ या मानकात आहे. प्लास्टिक साध्या पाण्यात, सौम्य ॲसिटिक ॲसिडात (म्हणजे आपल्या सिरक्यासारख्या द्रावात), अल्कोहोलमध्ये आणि तेलाच्या जागी हेप्टेन नावाच्या द्रवात ठेवून बघतात. या चार द्रवांवरूनच घरातला सगळा हिशेब लावता येतो. आंबट, तेलकट, गरम आणि जास्त दिवस : या चार गोष्टी जितक्या वाढतील तितके प्लास्टिक अन्नात जास्त उतरते. कोरडा गहू हा प्लास्टिकसाठी सगळ्यात सोपा पाहुणा. कैरीचे लोणचे सगळ्यात अवघड.

बादलीच्या बुडावर बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो. ही खूण १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने काढली, ती भंगार वेगवेगळे करायला सोपे जावे म्हणून. ती सुरक्षिततेची खूण नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. तिच्यावरून एवढेच कळते की प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे. साठवणीसाठी २ (एचडीपीई) आणि ५ (पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) या दोन जाती चांगल्या. ४ म्हणजे एलडीपीई, मऊ झाकणांत असते, चालते. १ म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटल्या आणि पारदर्शक बरण्या. कोरड्या मसाल्याला, डाळीला ठीक, पण सुमारे ७० अंशाला ते मऊ पडू लागते, म्हणून गरम काही घालू नये. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन : घरच्या साठवणीसाठी नको. ७ मध्ये उरलेले सगळे येते, पॉलिकार्बोनेटसुद्धा. जुन्या २० लिटरच्या कडक पाण्याच्या जारांत ते असते, त्यात बीपीए असण्याची शक्यता असते, आणि चरे पडलेला, उन्हात तापलेला जार लवकर बदललेला बरा.

मग सुरक्षिततेची खूण कोणती? पेला आणि काटा-चमच्याचे चित्र. युरोपच्या २००४ च्या कायद्यातून ते जगभर पसरले आणि चांगल्या भारतीय कंपन्याही ते बुडावर उमटवतात. त्यासोबत 'फूड ग्रेड' हे शब्द, कंपनीचे नाव-पत्ता आणि शक्य असेल तर आयएस क्रमांक. पॉलिथिलीनसाठी आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१०. खूण साच्यातच उमटलेली हवी. वर चिकटवलेला कागद कोणीही चिकटवू शकतो. आणि बादलीवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक दिसला म्हणून बादली प्रमाणित झाली असे समजू नये. तो क्रमांक आत भरलेल्या खाद्यपदार्थाच्या उत्पादकाचा परवाना असतो. त्याचा उपयोग वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

गिट्टीचा माल

हे लिहिताना आम्हाला जपून लिहावे लागते, कारण विषय आपल्याच माणसांच्या रोजीचा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावात जुने प्लास्टिक गोळा करून, निवडून, धुऊन, त्याची गिट्टी करण्याचे कारखाने आहेत. यंत्रमागानंतर कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे भंगाराचा धंदा वाढला, त्यातही आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. हे काम हलके नाही. शहराचा कचरा हेच लोक उचलतात आणि त्यातून पाइप, मग, कुंड्या, खुर्च्या बनतात. त्या वस्तू जरूर वापराव्यात.

पण गिट्टीत काय काय मिसळलेले असते ते त्या कारखान्यातला माणूसच आपल्याला सांगेल. शाम्पूची बाटली, ऑइलचा कॅन, कीटकनाशकाचा डबा, तुटलेली टीव्हीची चौकट, सगळे एकाच यंत्रात. म्हणूनच २०१८ च्या नियमांत पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकच्या वस्तू अन्न बांधायला, ठेवायला, वाहून न्यायला किंवा वाढायला वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले होते. पुढे पीईटीच्या पुनर्वापराला कडक अटींवर वाट मोकळी झाली, पण मिक्स गिट्टीतून काढलेल्या बादलीचा त्याच्याशी संबंध नाही.

रंगावरून थोडा अंदाज येतो. मिश्र माल गडद होतो, म्हणून काळा, गडद निळा, चॉकलेटी, मळकट हिरवा असे रंग गिट्टीच्या मालाला देतात. काळा रंग सगळे झाकतो. काळ्या प्लास्टिकच्या काही घरगुती वस्तूंत जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानातली आग-रोधक रसायने सापडल्याचे परदेशातल्या तपासण्यांत दिसले आहे. नव्या दाण्याची बादली बहुधा दुधी पांढरी किंवा अर्धपारदर्शक असते, उन्हाकडे धरली तर प्रकाश सारखा पसरतो, ठिपके-रेषा दिसत नाहीत. गिट्टीच्या मालात मळकट ढग, काळे कण, खडबडीत कड आणि एक कुबट गोड वास असतो.

घरी करण्याजोग्या दोन परीक्षा आहेत. एक वासाची : बादलीत कढत नाही पण चांगले गरम पाणी घालून झाकण लावावे, रात्रभर ठेवावे, सकाळी झाकण उघडताच नाक जवळ न्यावे. वास आला तर परत करावी. दुसरी तरंगण्याची. एचडीपीई आणि पीपी दोन्ही पाण्यापेक्षा हलकी असतात, तर पीव्हीसी आणि पीईटी बुडतात. झाकणाच्या कडेचा लहानसा तुकडा पाण्यात टाकला आणि तो बुडाला, तर एक तर जात वेगळी आहे किंवा माल स्वस्त करायला चॉकची भुकटी घातली आहे. मात्र तुकडा तरंगला आणि वास आला नाही म्हणून बादली फूड ग्रेड ठरत नाही. वाईट माल पकडायला या परीक्षा चालतात, चांगला सिद्ध करायला नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

निळे ड्रम

पाणी एक दिवस आले नाही की निळा ड्रम आठवतो. २०० लिटरचे हे ड्रम मुळात बहुतेक करून कारखान्यांत रसायने घेऊन आलेले असतात आणि रिकामे झाल्यावर भंगार बाजारातून आपल्या दारात येतात. विकणारा सांगतो, "यात ज्यूस होता." असेलही. पण ड्रमवर यूएनचे गोल चिन्ह आणि १एच१ किंवा १एच२ असे अक्षर-आकडे असतील तर तो ड्रम धोकादायक माल वाहण्यासाठी मान्य केलेल्या प्रकारचा आहे. त्यात खरेच काय होते ते आपल्याला घरी कळण्याचा मार्ग नाही. लाल चौकटीचे तिरपे चौकोन, कवटी, किंवा खरवडून काढलेले लेबल दिसले तर हात लावू नये. लेबल मुद्दाम खरवडलेले असणे हीच मोठी खूण.

सगळ्यात काळजीची जागा म्हणजे इफ्तारचा शरबत. रमजानमध्ये कित्येक ठिकाणी अशाच ड्रममध्ये बर्फ, साखर, लिंबू घालून शरबत ढवळला जातो. देणाऱ्याची नियत सवाबची असते, पिणारी लहान मुले असतात, आणि लिंबामुळे तो शरबत आंबट असतो. मोहल्ल्याच्या जमातीने एकदाच खर्च करून स्टीलची मोठी टाकी घेतली तर ती वीस वर्षे पुरते. प्लास्टिकच हवे असेल तर नवी घेतलेली, फूड ग्रेड छाप असलेली टाकी घ्यावी आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नये. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी आयएस १२७०१ हे मानक आहे, ते टाकीवर छापलेले असते.

चांगली बादली मिळते कुठे

नवी घ्यायची तर मेनरोड, रविवार कारंजा भागातल्या प्लास्टिकच्या दुकानांत नावाजलेल्या कंपन्यांचे झाकणाचे डबे मिळतात. वजनावर विकला जाणारा बिननावाचा माल स्वस्त पडतो, पण तो बाथरूमसाठी.

जुनी पण चांगली बादली हवी असेल तर मिठाईवाले, बेकरीवाले, आइस्क्रीमवाले आणि केटरर यांना विचारावे. दही, लोणचे, सॉस, मध, लिक्विड ग्लुकोज, बेकरीचे जेल हे सगळे मोठ्या पांढऱ्या बादल्यांत येते आणि रिकाम्या बादल्या ते थोड्या पैशांत देतात. मघाशी सांगितलेला १४ अंकी क्रमांक इथे कामाला येतो : तो क्रमांक, पदार्थाचे नाव आणि लेबल शाबूत असेल तर या बादलीत खाण्याचाच माल आला होता एवढे नक्की होते. लेबल नसलेली घेऊ नये, कारण मधल्या काळात तिच्यात फिनाईल भरले होते की काय ते कोण सांगणार?

आपल्याला लेबल वाचण्याचे आणखी एक कारण आहे. बेकरीच्या काही मालात जिलेटिन किंवा प्राण्यांची चरबी असू शकते. हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण, घटकांत काय लिहिले आहे, हे बघावे. शंका राहिली तर दह्याची किंवा मधाची बादली निवडावी, प्रश्नच मिटतो. धुतल्यावर पाकीचा मसला कसा, हे मौलाना सांगतील, तो आमचा विषय नाही. हलालसोबत तय्यिब हा शब्द येतो, आणि रसायनाने खराब झालेले अन्न तय्यिब कसे म्हणायचे, इतकेच आम्ही शिक्षक म्हणून विचारू शकतो.

लोणच्याच्या बादलीचा वास कधीच पूर्ण जात नाही. तिच्यात पुन्हा लोणच्याचे मीठच ठेवावे.

कशात काय ठेवावे

वीस लिटरच्या बादलीत साधारण १५ किलो गहू किंवा तांदूळ बसतो, पीठ मात्र दहा-अकरा किलोच, कारण ते हलके आणि फुगीर. गहू भरण्याआधी कडक उन्हात वाळवावा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे. ओल १२ टक्क्यांच्या आत असेल तर सोंडे आणि बुरशी दोन्ही कमी. भरल्यावर बादली काठोकाठ असावी, रिकामी जागा कमी म्हणजे आत हवा कमी. किडीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला, एरंडेल तेलाचा हात, हे जुने उपाय प्लास्टिकलाही चालतात.

एक गोष्ट मात्र कोणीही, कधीही करू नये : धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नयेत. काही ठिकाणी त्या सुट्या मिळतात. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेले कुटुंब त्यात जाऊ शकते. त्या गोळ्या प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरण्यासाठी आहेत.

चक्कीवरून आणलेले पीठ गरम असते. ते तसेच बादलीत भरून झाकण लावले तर वाफ झाकणाला धरते, थेंब पिठात पडतात आणि पावसाळ्यात चार दिवसांत गाठी आणि कुबट वास. आधी परातीत किंवा सुती चादरीवर पसरून पूर्ण गार करावे. पावसाळ्यात पंधरा दिवसांचेच दळण आणावे. नवे पीठ जुन्यावर ओतू नये. बादली रिकामी करून, पुसून, वाळवून मग भरावी. तळाशी राहिलेल्या जुन्या पिठातच अळ्या असतात.

लोणचे, चिंच, सिरका, तेल, तूप आणि ताज्या लाल तिखटाचा तेलात भिजवलेला मसाला काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत. कांडून आणलेले कोरडे तिखट पीपीच्या डब्यात चालेल, पण गार करून.

लग्नाच्या, वलीम्याच्या स्वयंपाकात मटणाला मसाला लावून ठेवण्यासाठी रंगीत प्लास्टिकचे टब वापरतात, तेच जे एरवी कपडे भिजवायला असतात. दही, लिंबू, कच्ची पपई, मीठ, तेल आणि पाच-सहा तास : प्लास्टिकला जे जे नको ते सगळे एकाच टबात. बावर्चीला आधीच सांगून स्टीलचे टोप भाड्याने आणावेत. गरम बिर्याणी बादलीत भरून पाहुण्यांसोबत देण्याची पद्धतही पडली आहे. बादली पीपीची, नवी, छाप असलेली असेल आणि बिर्याणी वाफ जिरल्यावर भरली असेल तर ठीक. बकरी ईदला गोश्त वाटायला काळ्या पातळ पिशव्या हाताशी येतात. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी येतात. त्या बहुधा गिट्टीच्याच असतात. घरचा डबा पाठवावा आणि रिकामा परत मागावा, शेजारी वाईट मानत नाहीत.

ही अडचण काही प्लास्टिकपासून सुरू झाली नाही. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध, गोदेकाठचा भांडी बाजार आजही आहे. त्या भांड्यांना कलई नसेल तर ताक, आमटी कळकायची. म्हणून कलईवाले गल्लोगल्ली फिरायचे, आणि आपल्या मोहल्ल्यांत तो पेशा असलेली घरे होती. कोणत्या भांड्यात काय ठेवू नये हे तेव्हा घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असायचे. प्लास्टिकच्या बाबतीत ती अक्कल अजून घरात रुळलेली नाही.

वापर आणि मोड

बादली काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासू नये. चऱ्यांत तेल आणि जंतू बसतात. मऊ फडके, साबण, कोमट पाणी, मग सावलीत पूर्ण वाळवणे. उन्हात रोज ठेवलेले प्लास्टिक ठिसूळ होते. पांढुरके झाले, चिकट लागले, तडा गेला की ती बादली धान्यातून काढून भंगारवाल्याला द्यावी, तिची गिट्टी होईल, पाइप होईल. फरशीवर थेट न ठेवता लाकडी पाटावर ठेवावी. घरात रांगते मूल असेल तर पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवूच नये. वाकून बघताना मूल डोक्यावर पडले तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. रात्री भांडी झाकून ठेवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, ती इथे दोन्ही अर्थांनी उपयोगी पडते.

परवडत असेल तर गव्हासाठी स्टीलची कोठी, हे आमचे मत. ज्यांना ते आज जमत नाही त्यांनी महिन्याला एक याप्रमाणे छाप असलेली पांढरी बादली घेत जावे, आणि आधी पिठाची बदलावी, मग पाण्याची, गव्हाची शेवटी.

फूड ग्रेड सांगून गिट्टीचा माल विकला, तर पावती जपून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी. हॉटेल, केटरर किंवा दुकानदार खाण्याचा माल रसायनाच्या ड्रममध्ये ठेवताना दिसला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. फोन करताना दुकानाचा पत्ता, वेळ आणि ड्रमवरच्या लेबलचा फोटो हाताशी ठेवावा.